नेव्ह हेपलचा डावा हात

ऑक्टोबरातल्या एका सकाळी नेव्ह हेपलने दारातल्या पायरीवरून दुधाच्या बाटल्या उचलल्या आणि त्यातली एक हातातून निसटून फुटली. बाटली निसटते आहे हे त्याला दिसलं. जाणवलं मात्र नाही. त्याने डावा हात डोळ्यांसमोर धरला. अंगठा आणि करंगळी सोडून मधली तीन बोटं दुसऱ्या पेरापर्यंत मेणबत्तीसारखी पांढरीफटक पडली होती. पांढरेपण जिथे संपत होतं तिथे दोरा आवळून बांधावा तशी रेघ होती. त्याने अंगठ्याने अनामिका दाबून पाहिली. अंगठ्याला बोट लागलं, बोटाला अंगठा लागला नाही.

"काय फुटलं रे?" आतून डोरीनने, त्याच्या बायकोने विचारलं.

"मांजर आडवं आलं."

"कुणाचं?"

"पळालं," नेव्ह म्हणाला आणि हात पँटच्या खिशात घालून तो काचा पायाने गोळा करत राहिला.

हे काय आहे ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. संडरलंडला नदीकाठी राहणाऱ्या कुणालाच नव्हती.

जहाजं बांधायच्या यार्डात नेव्ह शाळा सुटल्या सुटल्या लागला होता, बापाच्या मागोमाग. वेल्डर जहाजाच्या पत्र्यांचे सांधे जोडत पुढे जात आणि त्यांच्या मागून हातोडेवाले येत. उजव्या हातात हवेच्या दाबावर धडधडणारा हातोडा, डाव्या हातात छिन्नी. सांध्यावर उरलेल्या गाठी तासून सांधा गुळगुळीत करायचा. हातोड्याचा सगळा दणका छिन्नीतून डाव्या हातात उतरे. संध्याकाळी जेवताना काटा धरला तरी हात आतून घुमत राही. असं वर्षानुवर्षं केल्यावर थंडीत बोटं मरायला लागत. आधी टोकं, मग एकेक पेर. थोडा वेळ मरत, मग आग आग होऊन परत येत. पुढे पुढे परत यायला वेळ लावत. त्याला नदीवर 'मेलेली बोटं' म्हणत. म्हणजे, म्हणत नसतच. त्याबद्दल बोलायचं नाही अशी रीत होती. फोरमनच्या कानावर गेलं की माणसाच्या हातात झाडू येई आणि पगार उतरे. म्हणून सकाळी शेगडीभोवती चहा पिताना एखाद्याने कप बोटांनी न धरता दोन्ही तळव्यांत दाबून धरला, की बाकीचे नदीकडे बघत. त्यात दुष्टावा नव्हता. उघड्या जखमेकडे टक लावून बघू नये, तसं ते होतं.

नेव्हचे वडील, विल्फ, आयुष्यभर हातोड्यावर होते. आता घरीच असत. कामावर जात तेव्हा रोज सकाळी बाहेर पडताना बोळकंडीत त्यांच्यासमोर उभी राहून आई त्यांच्या कोटाची बटणं लावे, खालून वर, आणि ते तिच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत. लहानपणी नेव्हला वाटे, सगळ्यांच्याच वडिलांची बटणं आई लावते.

आता त्याला ती बोळकंडी सारखी आठवायला लागली.

कारण त्याच्या डाव्या हाताला आणखी एक काम होतं. 'ड्राय डॉक' नावाच्या बँडमध्ये तो गिटार वाजवत असे. चौघं जण: गाणारा क्लाइव्ह रेन, बेस गिटारवर डग, ड्रम्सवर मॅल्कम आणि नेव्ह. त्यांची एकच एलपी रेकॉर्ड निघाली होती. ती दुकानांच्या मागच्या रांगेत काही महिने उभी राहिली आणि मग दिसेनाशी झाली. रेडिओने त्यांना कधी विचारलं नाही. पण ज्यांना त्यातलं कळतं अशांच्यात नेव्हचं नाव होतं. न्यूकॅसलला मोठ्या बँडचे कार्यक्रम असले की त्यांचे गिटारवाले आदल्या दिवशी येऊन ड्राय डॉकला ऐकून जात. ऐकून कसले, बघून जात. स्टेजला छाती टेकून उभे राहत आणि नेव्हच्या डाव्या हातावरून नजर हलवत नसत. घराघरांत ज्याच्या रेकॉर्ड वाजतात अशा एकाने त्याला बिअर पाजून विचारलं होतं, "ते मधलं पुन्हा एकदा दाखवतोस? सावकाश?" नेव्हने सावकाश दाखवलं. त्या माणसाला सावकाशही जमलं नाही. ही गोष्ट क्लाइव्ह दर पबमध्ये सांगे आणि नेव्ह दर वेळी लाजून ग्लासात बघे.

नाव झालं नाही याचं त्याला फार वाटत नसे. आठवडाभर हातोडा, शनिवार-रविवार गिटार. कानठळ्या बसवणाऱ्या त्या आवाजाच्या मधोमध एक जागा अशी येई, की तिथे पोचल्यावर सगळं शांत होई. बोटं त्याच्या पुढे पळत आणि तो फक्त त्यांच्या मागून जाई. तेवढी जागा होती म्हणून सोमवारी उठून यार्डात जाता येत होतं.

ऑक्टोबरनंतर त्या जागेच्या दारात भीती येऊन बसली. सरावाला तो सगळ्यांच्या आधी पोचे आणि चर्चच्या हॉलमधल्या रॉकेलच्या हीटरवर हात धरून बसे. कोटाच्या खिशात भाजलेला गरम बटाटा ठेवे आणि डावा हात त्याच्याभोवती गुंडाळून ठेवे. दूध आत घ्यायचं त्याने सोडलं. वाजवताना दर गाण्याआधी अंगठ्याने तिन्ही बोटं एकेक करून चाचपे: आहेस? आहेस? तू? बोटं हो म्हणत. पण आता ती त्याच्या पुढे पळत नव्हती. आता तोच त्यांच्यावर पाळत ठेवून असे. पाळत ठेवली की हात जड होतो. डगच्या कानाने ते टिपलं.

"दमलास काय रे?" त्याने एकदा विचारलं.

"डोरीन झोपू देत नाही. तिला दिवस गेलेत."

ते खरं होतं. दिवस गेले होते. म्हणूनच यार्ड सोडायचं म्हटलं तरी भीती होती आणि न सोडायचं म्हटलं तरी. हातोडा सोडला तर येणाऱ्या बाळाला काय घालायचं? आणि नाही सोडला तर कधीतरी एका सकाळी बोळकंडीत उभं राहून डोरीनच्या डोक्यावरून भिंतीकडे बघायचं.

नाताळानंतर क्लाइव्ह बातमी घेऊन आला. तो बस कंडक्टर होता आणि त्याचा साधा बोलण्याचा आवाजही डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर पोचे.

"जर्मनी!" दारातूनच तो ओरडला. "मार्चमध्ये! मोठ्या बँडच्या आधी आपण, रोज नवं गाव! प्रेंटिस म्हणून माणूस आहे, मँचेस्टरचा. दौरा तोच लावतो. त्याला आपली एलपी पाठ आहे, पाठ! फक्त एकदा समोर बसून ऐकायचंय."

"कुठे?" मॅल्कमने विचारलं.

"पुढच्या रविवारी. दुपारी. आपल्या क्लबात."

"आपल्या क्लबात? बिंगो आणि मटणाच्या पाईच्या मध्ये?"

"त्याला तेवढीच दुपार मोकळी आहे. त्याला काय करायचंय बिंगोशी! नेव्ह, तुझं ते लांबलचक गाणं घ्यायचं. जर्मनी तुझ्या हातात आहे, लेका."

नेव्ह हसला. हात खिशात बटाट्याभोवती होता.

कामगारांच्या क्लबात रविवारी दुपारी पुरुष मंडळी बिअरला जमत आणि बँडला ऐकून घेत. ऐकून घेत, एवढंच. कार्यक्रमाचे दोन भाग असत आणि मध्ये बिंगो, पुकारलेले आकडे कागदावर खोडायचा खेळ. पहिला भाग मंडळींना रुचला नाही तर क्लबचा सेक्रेटरी मध्यंतरात पुढे येई, अर्धे पैसे हातावर ठेवी आणि सामान आवरायला सांगे. कितीतरी चांगले बँड त्या स्टेजवरून अर्ध्यात घरी गेले होते. सेक्रेटरी होता स्टॅन फेदरस्टन. पूर्वी रेल्वेत हमाल, आता क्लबचा राजा.

त्या रविवारी क्लबचा बॉयलर बंद पडला होता. मंडळी कोट घालूनच बसली होती आणि बिअरच्या ग्लासांवर तोंडातली वाफ दिसत होती. पुढच्या एका टेबलावर विल्फ आणि त्यांच्याबरोबरचे जुने हातोडेवाले डॉमिनोचा डाव मांडून होते. विल्फ सोंगट्या तळव्याच्या कडेने सरकवत.

स्टॅनने माइक हातात घेतला. "मंडळी, जरा शांत. आपलीच पोरं आहेत, मेहनत घेतलीय, ऐकून घ्या. नाही आवडलं तर मी आहेच. आणि ज्याची निळी गाडी मागच्या दारात आहे त्याने ती काढावी, बिअरची पिंपं आत यायचीत. पाई आल्या की सांगतो."

पहिला भाग निभावला. त्यात लोकांच्या ओळखीची गाणी होती, हात फार उघडा पडत नव्हता. प्रेंटिस उशिरा आला. उंटाच्या रंगाचा कोट, पातळ केस. खांबाजवळ उभा राहून त्याने बिअर घेतली आणि ओठ न लावता ठेवून दिली. मग बिंगो सुरू झाला. सबंध हॉल कागदांवर वाकला, पेन्सिलींचा आवाज ऐकू यावा इतका चिडीचूप. आणि तेवढ्यात स्टेजच्या बाजूचं मागचं दार उघडून पिंपं आत यायला लागली. नदीवरून आलेला वारा सरळ स्टेजवर शिरला.

नेव्हला उठता येईना. बिंगो चालू असताना स्टेजवर कुणी हललं तर मंडळी खाऊन टाकत. तो डावा हात काखेत दाबून बसला. आकडे पुकारले जात होते. एकेक पिंप गडगडत आत येत होतं. त्याने अंगठ्याने बोटं चाचपली. तर्जनी हो म्हणाली. मधलं बोट जरा उशिरा म्हणालं. अनामिका बोलली नाही.

"चला," क्लाइव्ह कानाशी म्हणाला. "आता."

गाणं सुरू झालं. क्लाइव्हचे शब्द असेपर्यंत ठीक होतं, तिथे हाताला थोडंच काम होतं. पण शब्द संपत आले. पुढचा लांब तुकडा सगळा त्याचा होता. त्याने खाली बघितलं. हातावर दोरा आवळला जात होता. तीन बोटं पांढरी पडत होती, त्याच्या डोळ्यांदेखत, दुसऱ्या पेरापर्यंत. मॅल्कमने ड्रमवर शेवटचा दणका दिला आणि थांबून त्याला वाट करून दिली.

बोटं हलत होती. तेच जास्त भयंकर होतं. हलवली की हलत होती, पण तारेवर आहेत की तारेशेजारी, हे त्यांना कळत नव्हतं. जणू दुसऱ्याचा हात काठीला बांधून कुणी त्याच्याकडून वाजवून घेत होतं. पहिलेच चार सूर घसरले. त्याने वेग सोडला. पर्याय नव्हता. एक सूर, नजरेने बघून, बोट नेमकं ठेवून. तो विझेपर्यंत थांबायचं. मग दुसरा. जिथे चाळीस सूर धावत जायचे तिथे पाच सूर अंधारात भिंत चाचपत जावं तसे जात होते. घाम पाठीवरून उतरत होता आणि हात बर्फ होता. आता सगळ्यांना कळणार, एवढंच त्याच्या मनात होतं.

त्याने समोर बघितलं. बापाच्या टेबलावरच्या एका म्हाताऱ्याने त्याच्या हाताकडे बघितलं आणि डोळे खाली वळवले. शेजारच्याने वळवले. मग पलीकडच्या टेबलावरच्यांनी. रांगेमागून रांग माना खाली गेल्या; कुणी ग्लासात बघत होतं, कुणी वर्तमानपत्रात, कुणी संपलेल्या बिंगोच्या कागदात. अर्धा हॉल यार्डातला होता. अर्ध्या हॉलने त्याचा हात वाचला होता आणि आता तो अर्धा हॉल नदीकडे बघत होता. नेव्हला वाटलं, हुर्यो उडवली असती, ग्लास फेकले असते तरी चाललं असतं.

स्टॅनला यार्डातलं काही माहीत नव्हतं. सगळ्यांच्या माना खाली गेलेल्या बघून त्याने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि तो स्टेजच्या पायरीकडे निघाला. गाणं संपायच्या आतच बँडला घरी पाठवायची वेळ आजवर आली नव्हती.

विल्फ उठले. "स्टॅन, बस खाली," ते म्हणाले.

"अहो, पण मंडळी—"

"मंडळी ऐकतायत. बस."

आणि ते चालत गेले, खांद्याने ढकलून त्यांनी मागचं दार लावलं आणि दाराला पाठ लावून तिथेच उभे राहिले. हॉलभर एकटेच ते मुलाच्या हाताकडे सरळ बघत होते.

वारा थांबला. नेव्ह एकेक सूर ठेवत राहिला. किती वेळ, ते त्याला कळलं नाही. मग अनामिकेच्या मुळाशी सुई टोचावी तसं झालं, आणि रक्त परत यायला लागलं. ते परत येणं म्हणजे उकळत्या पाण्यात हात. डोळ्यांत पाणी आलं. पण त्या आगीत तार लागत होती, तिची कड लागत होती. तो पळाला. आपण किती वेगात जातोय हे त्याला कळत नव्हतं. मागे काहीतरी लागलंय आणि ते गाठायच्या आत पोचायचंय, एवढंच. क्लाइव्ह गायचं विसरून बघत राहिला आणि डगला त्याला गिटारने ढोसावं लागलं.

टाळ्या बेताच्या पडल्या. त्या क्लबात त्या बेताच्याच पडत.

"पाई आल्या," स्टॅन माइकवर म्हणाला.

प्रेंटिस मागच्या खोलीत आला तेव्हा नेव्ह भिंतीकडे तोंड करून हात चोळत होता.

"मिस्टर हेपल," प्रेंटिस म्हणाला, "झपाट्याने वाजवणारी पोरं मला दर आठवड्याला भेटतात. तुम्ही पण तसलेच असाल असं एलपीवरून वाटलं होतं. पण ते आधीचं, ते संथ. एकेक सूर, जणू पुढचा सापडणारच नाही. माझ्या अंगावर काटा आला. जर्मनीत रोज तसंच हवं. अगदी तसंच. जमेल ना?"

"जमेल ना म्हणजे!" क्लाइव्ह म्हणाला. "तो झोपेत वाजवेल!"

हस्तांदोलनं झाली. नेव्हने उजवा हात पुढे केला.

बापलेक चालतच घरी निघाले. रविवारच्या जेवणाला आईकडे जायचं होतं, डोरीन तिथेच होती. रस्त्यावर गोमांस भाजल्याचे वास होते.

"कधीपासून?" विल्फनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"नेव्ह."

"ऑक्टोबर."

"किती?"

"तीन. दुसऱ्या पेरापर्यंत."

विल्फ मान हलवत चालत राहिले. "माझी एवढी गेली तेव्हा तू रांगत होतास. मला वाटलं, अजून खूप आहे हातात." मग म्हणाले, "मला दिसलं होतं. नाताळात ग्लास कसा धरलास ते. मी तुझ्या आईने सजवलेल्या नाताळच्या झाडाकडे बघत बसलो."

"हातोडा सोडला तर बरी होतात का, बाबा?"

"मला काय माहीत? वेळेवर सोडून कुणी पाहिलंच नाही."

नेव्ह थांबला. इतके महिने त्याला वाटत होतं की कुणाला तरी माहीत असेल. आपण विचारत नाही, एवढंच. सगळ्या नदीवर एकाही माणसाला माहीत नव्हतं.

"तुम्ही काय कराल?"

"मी काय केलं ते दिसतंच आहे," विल्फ म्हणाले. "उद्या उचलू नकोस हातोडा. बाकी मला काही कळत नाही."

घरी गेल्यावर नेव्हने डोरीनला मागच्या अंगणात बोलावलं आणि सांगितलं. तिने सगळं ऐकलं. पोटावर हात ठेवून ती कोळशाच्या पेटीवर बसली.

"दूध आत घ्यायचं सोडलंस तेव्हा मला वाटलं, आळशी झालाय," ती म्हणाली. "मग वाटलं, दुसरी कुणी आहे."

"दुसरी? आणि दूध?"

"दारात उभं राहायला लाजतोस, असं वाटलं. बाई गरोदर असली की काहीही वाटतं." तिने त्याचा हात ओढून मांडीवर घेतला आणि तिन्ही बोटं उलटसुलट करून बघितली, बाजारात मासे बघतात तशी. "मूल व्हायच्या आठवड्यापर्यंत मी माझ्या कारखान्यात कामाला जात राहीन. पुढचं पुढे. पण मला भीती वाटते, नेव्ह. वाटत नाही असं मी म्हणणार नाही."

"म्हणू नकोस."

क्लाइव्ह संध्याकाळ व्हायच्या आतच बिअरच्या बाटल्या घेऊन आला. नेव्हने त्यालाही सांगितलं. क्लाइव्हच्या हातातली बाटली तशीच राहिली.

"म्हणजे आज ते संथ..."

"बोटं मेली होती."

"आणि मी समजलो, म्हातारा होऊन शहाणा झालास." क्लाइव्ह खुर्चीत बसला. पहिल्यांदाच त्याचा आवाज खोलीपुरता उरला. "तीन महिने रॉकेलच्या हीटरला मिठ्या मारतोयस आणि मला सांगत नाहीस? मी कोण, बसमधला प्रवासी? मला सांगितलं असतंस तर मी त्या दारात स्वतः आडवा पडलो असतो!"

"सांगत नाहीत आमच्यात."

"तुमच्यात!" क्लाइव्हने शिवी दिली, मग डोरीनकडे बघून माफी मागितली. जरा वेळाने म्हणाला, "जर्मनीत झालं तर?"

"होईलच. मार्चची थंडी आहे, गारठलेली व्हॅन आहे."

"आणि नाही झालं तर प्रेंटिस विचारेल, ते संथ कुठे गेलं."

दोघं हसले.

"त्याला सांगायचं का?" क्लाइव्हने विचारलं.

"तू ठरव. दुसरा कुणी शोधायचा असेल तरी मी काही म्हणणार नाही."

क्लाइव्ह बाटलीवरचा कागद नखाने सोलत राहिला. "दुसरा कुणी नाही," तो म्हणाला. ते कौतुकासारखं नव्हतं. वाईट बातमी द्यावी तसं त्याने ते सांगितलं.

सोमवारी सकाळी नेव्ह नेहमीच्या वेळी यार्डात गेला. शेगडीभोवती मंडळी चहा पीत होती. फोरमनच्या शेडसमोर त्याने आपला हातोडा फळीवर ठेवला.

"बिघडला?" फोरमनने विचारलं.

"हातोडा ठीक आहे. माझी बोटं मरतात."

फोरमनने आधी मागे बघून घेतलं. "हळू बोल. चहा घे आणि कामाला लाग. मी काही ऐकलं नाही."

"डावा हात," नेव्ह म्हणाला. त्याचा आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "तीन बोटं. ऑक्टोबरपासून."

शेगडीपाशी कुणी हललं नाही. फोरमन चिडला, एवढ्या लोकांसमोर म्हटल्यावर त्याला आता ऐकावंच लागणार होतं. "झाडूकाम आहे," तो म्हणाला. "घेतोस?"

"मार्चपर्यंत."

"मार्चपर्यंत! मी काय हॉटेल चालवतो? आहे तर आहे, नाही तर फाटक उघडं आहे."

नेव्ह तिथे उभा राहिला. हातोडा फळीवर होता, हात लांब केला तर उचलता आला असता. अजूनही. फोरमन कदाचित विसरलाही असता. शेवटी तो वळला. आत येणाऱ्या माणसांच्या उलट्या दिशेने चालत फाटकाबाहेर आला आणि बसथांब्यावर उभा राहिला. कामाच्या दिवशी सकाळी त्या बाजूला तो कधीच उभा राहिलेला नव्हता. रस्ता रिकामा होता. नदीकडून पहिल्या हातोड्याचा आवाज सुरू झाला, मग दुसऱ्याचा.

काय केलं आपण, असं त्याला वाटलं. स्टेजवर वाटली होती त्याहून ही भीती मोठी होती. तिला शेवटचा सूर नव्हता. त्याने डावा हात वर करून बघितला. तो थरथरत होता. थंडीने की भीतीने, ते काही कळेना. पण ती थरथर त्याला लागत होती, एकेका बोटात, अनामिकेच्या टोकापर्यंत. बस दिसली तेव्हा त्याने तोच हात पुढे केला.